श्रावणातला हॅम्पर: साबण पाझरतो, डाग पडतात, झुमके हिरवे होतात

संक्रांतीच्या वाणाला दिलेला हॅम्पर छान राहतो. तोच साबण, तेच झुमके आणि तेच खोकं राखीला, मंगळागौरीला किंवा गौरी-गणपतीला मुंबई, कोकण, गोव्याकडे गेलं की आठ-दहा दिवसांत फोटो यायला लागतात. साबणावर पाण्याचे थेंब किंवा केशरी ठिपके, झुमक्याच्या जाळीत हिरवट चिकट थर, लेबलाची शाई पसरलेली. ग्राहक म्हणतात, ‘ताई, पॉलिश हलकं होतं’ किंवा ‘साबण कच्चा होता’. व्यवसाय करणारीही मग पॉलिशवाला बदलते, सुगंधी तेल बदलते, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच घडतं.

याचं कारण असं की बिघाड एकट्या साबणाचा किंवा एकट्या दागिन्याचा नसतो. पूर्ण न वाळलेला साबण आणि तांबं असलेला धातू दमट हवेत एकाच बंद खोक्यात ठेवले, की ते एकमेकांना बिघडवतात. त्यामुळे दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागते: साबणात, दागिन्यात आणि खोक्यात. एक जरी सुटलं तरी तक्रार परत येते.

आधी नेमकं काय झालंय ते ओळखा

साबणावर स्वच्छ, किंचित चिकट थेंब असतील तर तो घाम. तेलापासून साबण होताना तेलाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा ग्लिसरीन तयार होतं. हाताने केलेल्या साबणात ते तसंच राहतं, आणि ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. मेल्ट अँड पोअर बेसमध्ये, म्हणजे वितळवून साच्यात ओतायच्या तयार साबणात, ग्लिसरीन आणि तत्सम घटक वरून घातलेले असतात, म्हणून तो कोल्ड प्रोसेसपेक्षा, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा मिसळून घरी केलेल्या साबणापेक्षा, कितीतरी जास्त घामेजतो. साबण यामुळे खराब होत नाही, पण खोक्यातलं बाकी सगळं होतं.

थेंब घामाचा आहे की आत मोकळं कॉस्टिक (तेलाशी न जुळलेला कॉस्टिक सोडा) राहिलंय, हे पीएच पट्टीने तपासा. घामाच्या थेंबात थोडा साबण विरघळलेला असतो, त्यामुळे पट्टी 9 ते 10 दाखवते. 12 किंवा त्याहून वर गेली तर मोजमाप चुकलंय आणि तो घाणा, म्हणजे त्या वेळी केलेला सगळा साबण, विकायचा नाही. जिभेला लावून बघण्याची पद्धत अजूनही सांगितली जाते. ती सोडून द्या, दहा-वीस पट्ट्यांचं पुस्तक फार महाग नसतं.

केशरी किंवा तपकिरी ठिपके आणि जुन्या तेलाचा खवट वास, म्हणजे साबणात शिल्लक राहिलेलं तेल खराब झालंय. हे घामापेक्षा वेगळं दुखणं आहे आणि पुसून जात नाही. संपूर्ण वडी एकसारखी तपकिरी झाली असेल आणि वास चांगला असेल, तर तो बहुधा सुगंधी तेलातल्या व्हॅनिलिनचा रंग. त्यात बिघाड नाही. वरच्या बाजूला पांढरी भुकटी दिसली तर तो सोडा अ‍ॅश. वाफेवर धरली की जातो.

दागिन्यांचंही तसंच. काळपटपणा चांदीवर येतो तेव्हा तो गंधकाचा परिणाम असतो: रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद, स्वस्त फोम, लोकरीचं कापड. हिरवा थर मात्र तांब्याचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त; नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नसते, म्हणून पांढरे दिसणारे ऑक्सिडाइज्ड झुमकेही हिरवे पडतात. त्या हिरव्या थराला हात लावून बघा. कोरडा आणि भुकटीसारखा असेल तर फक्त ओल आणि अंगाच्या घामाचे क्षार. मेणासारखा, चिकट आणि किंचित तेलकट असेल तर साबणातली तेलं तांब्याशी जुळून तयार झालेला थर, म्हणजे दोष एकत्र पॅकिंगचा.

उलट दिशेनेही हेच होतं. तांबं आणि लोखंड यांच्या अगदी थोड्या अंशानेही तेल खवट होण्याचा वेग वाढतो. म्हणून साबणावरचे ठिपके पुष्कळदा नेमके तिथे येतात जिथे पितळेचा हुक टेकलेला होता, किंवा क्युअरिंगच्या, म्हणजे साबण वाळवण्याच्या वेळी वडी गंजक्या रॅकवर ठेवली होती. ठिपके एका रेषेत दिसले तर रॅकच्या पट्ट्या तपासा.

साबण: पावसाळ्यात मोजमाप हातून कसं निसटतं

सगळ्यात कमी लक्ष जातं ते कॉस्टिकच्या डब्याकडे. कॉस्टिक सोड्याच्या चकत्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही घेतात. जुलैच्या हवेत उघडा राहिलेला डबा काही मिनिटांत ओलसर दिसतो. अशा डब्यातून वजन केलं की त्यात कॉस्टिक कमी आणि पाणी जास्त येतं.

एक किलो तेलाचा घाणा धरू: खोबरेल 300 ग्रॅम, पाम 300, ऑलिव्ह 300, एरंडेल 100. पूर्ण साबण व्हायला लागणारं कॉस्टिक असं: 54.9 + 42.6 + 40.5 + 12.8 म्हणजे 150.8 ग्रॅम. 5 टक्के सुपरफॅट, म्हणजे साबण न होता मुद्दाम मोकळं ठेवलेलं तेल, धरला तर 143.3 ग्रॅम. आता डब्यातलं कॉस्टिक प्रत्यक्षात 93 टक्केच उरलं असेल, तर तुमच्या 143.3 ग्रॅममध्ये खरं कॉस्टिक जेमतेम 133 ग्रॅम. सुपरफॅट न सांगता 5 वरून जवळजवळ 12 टक्क्यांवर गेला. साबण मऊ राहतो, उशिरा वाळतो, आणि त्यातलं मोकळं तेल खवट व्हायला आणि पितळेला लागायला तयार असतं. उन्हाळ्यात उत्तम आलेली तीच कृती पावसाळ्यात बिघडते ती अशी.

उपाय साधा आहे. मोठं पोतं किंवा पाच किलोचा डबा पावसाळ्यात उघडायचा नाही. मे महिन्यातच 500-500 ग्रॅमच्या जाड प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बरण्या भरून ठेवायच्या, एका वेळी एकच उघडायची, आणि चकत्या एकमेकींना चिकटल्या असतील तर ती बरणी साबणाला वापरायची नाही. पाकिटावर शुद्धता 97 किंवा 98 टक्के लिहिलेली असेल तर हिशेबात ती धरा: 143.3 भागिले 0.97, म्हणजे 147.7 ग्रॅम. अंदाजाने ‘थोडं जास्त’ घालणं मात्र धोक्याचं आहे. हा साबण अंगाला लावायचा आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. तेलाच्या 38 टक्के पाणी घ्यायची जुनी सवय या घाण्याला 380 ग्रॅम पाणी देते. ते सगळं नंतर हवेत जायला हवं, आणि हवाच ओलीचिंब असेल तर ते जाणार कुठे? पावसाळ्यात पाणी कॉस्टिकच्या दुप्पट, म्हणजे सुमारे 287 ग्रॅम घ्या. हात बसला असेल तर कॉस्टिकचं 35 टक्के द्रावण चालेल, म्हणजे 266 ग्रॅम. पाणी कमी केलं की ट्रेस, म्हणजे मिश्रण दाट होण्याचा टप्पा, लवकर येतो, म्हणून सुगंधी तेल घालायच्या आधी साचे तयार ठेवा आणि ब्लेंडर थांबवत थांबवत चालवा. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरच्या पाण्यात लोह असतं आणि त्याने ठिपके येतात. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. गॉगल आणि हातमोजे घालूनच, आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही.

ठिपके टाळण्यासाठी टेट्रासोडियम ईडीटीए तेलाच्या 0.5 टक्के, म्हणजे किलोला 5 ग्रॅम, कॉस्टिक घालण्याआधी पाण्यात विरघळवा. ते धातूचे अंश बांधून ठेवतं. ते नको असेल तर सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, किलोला 10 ग्रॅम चालतं, पण ते स्वतः कॉस्टिक खातं. स्फटिकात पाणी असलेलं, म्हणजे मोनोहायड्रेट असेल तर 10 ग्रॅमला 5.7 ग्रॅम, निर्जल असेल तर 6.2 ग्रॅम कॉस्टिक वाढवावं लागतं. हे विसरलं तर सुपरफॅट पुन्हा वर जातो आणि ज्या दुखण्यासाठी औषध घातलं तेच वाढतं. जोडीला रोझमेरी ओलिओरेझिन (तेल खवटणं लांबवणारा रोझमेरीचा अर्क) किलोला अर्धा ते एक ग्रॅम, तेल गरम करायच्या आधीच.

सूर्यफूल आणि सोयाबीन तेलं लवकर खवटतात. श्रावणात विकायच्या घाण्यात ती मिळून 10-15 टक्क्यांच्या वर नेऊ नका. मध, गूळ, दूध घातलेला साबण जास्त पाणी ओढतो. मिठाचा साबण किनारपट्टीवर या दिवसांत करूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. शुद्ध मीठ हवेत 75 टक्के आर्द्रता झाली की विरघळायला लागतं, आणि समुद्री मिठातले मॅग्नेशियमचे क्षार त्याच्या खूप आधीच पाणी ओढतात. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये 75 च्या खाली दिवस क्वचितच जातो.

वाळवण्याची खोली

‘हवा लागू दे’ म्हणून खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावणं ही पावसाळ्यातली सर्वांत मोठी गैरसमजूत. पंखा हवा हलवतो, तिच्यातलं पाणी काढत नाही. बाहेर 85-90 टक्के आर्द्रता असताना उघडी खिडकी साबणाला पाणीच पाजते.

दहा बाय दहाची खोली असेल तर खिडक्या-दारं बंद करून, दाराखालची फट कापडाने बुजवून, दिवसाला 10-12 लिटर पाणी काढणारा डिह्युमिडिफायर पुरतो. तो नसेल तर एसी ड्राय मोडवर. आर्द्रता 50 ते 55 टक्क्यांवर आली की मग पंखा मंद लावा. आता त्याचा उपयोग आहे. वड्या प्लास्टिकच्या जाळीदार क्रेटमध्ये, बटर पेपरवर, दोन वड्यांत बोटभर अंतर ठेवून उभ्या लावा.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र घ्या, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात साधं मीठ आणि त्यावर ओल्या वाळूइतकं होईल एवढंच पाणी घाला. हे झाकण आणि यंत्र हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी यंत्राने 75 च्या आसपास दाखवायला हवं. 69 दाखवलं तर रोजच्या आकड्यात 6 मिळवायचे.

साबण तयार झाला हे कॅलेंडर सांगत नाही, काटा सांगतो. प्रत्येक घाण्यातली एक वडी खूण करून दर आठवड्याला त्याच काट्यावर तोला. आठवड्यातली घट अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे 100 ग्रॅमच्या वडीला अर्धा ग्रॅम, अशी सलग दोनदा आली की पॅक करा. थंडीत याला चार ते सहा आठवडे लागतात. पावसाळ्यात उघड्या खोलीत वजन कधीकधी वाढतं, आणि मग तो साबण कितीही जुना असला तरी पॅकिंगला तयार नाही. लेबलावरचं निव्वळ वजनही याच वाळलेल्या वडीचं लिहा. ओल्या वजनाचं लेबल ग्राहकाच्या हातात खोटं ठरतं.

एसीच्या खोलीतून साबण थेट बाहेर काढणं ही आणखी एक चूक. बाहेर 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर 25 अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दव पडतं. 22 अंशांच्या खोलीतली वडी बाहेर आणली की ओली होणारच, आणि तीच ओली वडी गुंडाळली की थेंब फिल्मच्या आत अडकतात. म्हणून पॅकिंग त्याच कोरड्या खोलीत पूर्ण करा, आणि बंद खोकी दोन-तीन तास बाहेर ठेवून मग कुरिअरला द्या. वाळलेला साबण फ्रिजमध्ये ठेवायचा प्रश्नच नाही.

मेल्ट अँड पोअरला यातलं क्युअरिंग लागू नाही. तो साच्यातून काढला की लगेच, त्याच तासात, घट्ट क्लिंग फिल्म आणि त्यावर श्रिंक रॅप. उघडा जितका वेळ राहील तितका घाम.

दागिना

धुतलेल्या झुमक्याच्या जाळीत चिंच, लिंबू किंवा पितांबरीचा आम्ल अंश राहिला तर हिरवा थर आतून परत येतो. पितळ घासून झाल्यावर लिटरभर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून त्यात पाच मिनिटं ठेवा, मग डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून काढा. मऊ कापडाने टिपून हेअर ड्रायरने जाळीच्या आतपर्यंत वाळवा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा. मोत्याच्या नथीला, लाखेच्या दागिन्याला, टेराकोटाला, रेशमी धाग्याला हे काही नाही. नकली मोत्यांचा मुलामा अल्कोहोलने सुटतो, खऱ्या मोत्याला आम्लही नको आणि साबणही नको. ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडं करा. ऑक्सिडाइज्ड मालाला घासू नका, त्याचा काळा रंग हीच त्याची किंमत आहे.

यानंतर उघड्या हाताने धरायचं नाही. बोटांच्या घामातलं मीठ पितळेला दोन दिवसांत टिपके पाडतं. सुती किंवा नायट्राइल हातमोजे घाला. पितळ आणि जर्मन सिल्व्हरवर पारदर्शक लॅकरचे दोन पातळ थर द्या, मध्ये आणि शेवटी एकेक दिवस वाळू द्या. एकच जाड थर दिला तर तो जाळीच्या कोपऱ्यांत साचतो आणि तिथून सोलतो. आणि लॅकर पावसाच्या दिवशी उघड्यावर मारलं की दुधाळ होतं, म्हणून तेही कोरड्या खोलीतच. कानात जाणारी तार 316एल प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची किंवा शुद्ध चांदीची घ्या. तिला लॅकर देऊ नका.

खोकं

इथे सिलिका जेलबद्दल एक हिशेब मांडायला हवा, कारण बहुतेक जणी एक पुडी टाकून निश्चिंत होतात. वीस बाय पंधरा बाय आठ सेंटिमीटरच्या खोक्यात 2.4 लिटर हवा असते. तीस अंशांना पूर्ण ओल्या हवेतही तेवढ्यात पाणी असतं फक्त 0.07 ग्रॅम. 5 ग्रॅमची पुडी साधारण एक ग्रॅम पाणी धरते, म्हणजे हवेसाठी ती भरपूर झाली. पण 100 ग्रॅमच्या वडीत 3 टक्के जास्तीचं पाणी राहिलं असेल तर ते 3 ग्रॅम. पुडी संपली, दोन ग्रॅम पाणी शिल्लक. सिलिका जेल ओल्या साबणाला वाळवू शकत नाही. ते घालायचं दागिन्याच्या बंद पाउचमध्ये, जिथे त्याचं काम थोडं आणि नक्की असतं.

साबण धातूचा थर असलेल्या पॉलिस्टर पाउचमध्ये, हीट सीलरने चारी बाजूंनी बंद करा. साधी एलडीपीई (मऊ पॉलिथिनची) पिशवी पाणी थोपवते, पण सुगंधाची वाफ तिच्यातून निघून जाते, आणि संत्रं-लिंबूच्या तेलांची वाफ नकली मोत्यांच्या मुलाम्याला आणि लॅकरला मऊ करते. दागिना मात्र एलडीपीईच्या झिपलॉकमध्ये: हवा दाबून काढून, एक ग्रॅम सिलिका आणि अँटी-टार्निश (धातू काळवंडणं रोखणाऱ्या) पट्टीचा छोटा तुकडा घालून. पीव्हीसी पिशवी नको, रबर बँड नको. मखमली पाउच द्यायचाच असेल तर तो झिपलॉकच्या बाहेर ठेवा.

सिलिका निळी घेऊ नका; तिच्यातला रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो आणि तो विषारी आहे. केशरी किंवा पांढरी घ्या. वापरायच्या आधी सुटे दाणे ओटीजीमध्ये 120 अंशांवर दोन तास तापवा आणि गरम असतानाच काचेच्या बरणीत बंद करा. कपाटात टांगायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या मात्र दागिन्यांच्या आसपासही नकोत. त्यांत साठणारं खारं पाणी एकदा सांडलं की पितळेचा अख्खा साठा जातो.

सजावटीची कागदी कात्रणं आणि गवत स्वतःच ओल धरून असतात. ती वापरायची तर आदल्या दिवशी कोरड्या खोलीत पसरून ठेवा. खोक्यात साबण आणि दागिन्याच्या मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत घाला. साबण तुमच्याच हातात सील झाला असला तरी ग्राहक तो उघडून तसाच त्याच खोक्यात परत ठेवतात, म्हणून आत चिठ्ठी हवी: ‘ताई, उघडल्यावर साबण आणि दागिने वेगवेगळे ठेवा. दागिने बाथरूममध्ये ठेवू नका.’

नवीन पॅकिंगची खात्री करून घ्यायची असेल तर सणाच्या महिनाभर आधी एक भरलेला हॅम्पर मोठ्या हवाबंद डब्यात, वर सांगितलेल्या मिठाच्या झाकणासोबत ठेवा. डब्यात आपोआप 75 टक्के आर्द्रता राहते. पंधरा दिवसांनी उघडा. शेजारी दुसऱ्या डब्यात फक्त साबण आणि तिसऱ्यात फक्त झुमके ठेवले, तर दोष कुणाचा हे लगेच कळतं.

परत आलेला माल

नुसता घाम आलेली वडी टिश्यूने टिपून, कोरड्या खोलीत तीन-चार दिवस ठेवून, वजन स्थिर झाल्यावर पुन्हा सील करता येते. ठिपके पडलेली वडी विकायची नाही. ती किसून चांगल्या घाण्यात मिसळू नका. खवटपणा त्या घाण्यातही सुरू होतो. घरात फडकी धुवायला वापरा. लेबलावरचा बॅच नंबर बघून त्याच घाण्याच्या शिल्लक वड्या बाजूला काढा, आणि वहीत त्या दिवशीच्या कॉस्टिकच्या बरणीवर खूण करा.

हिरवा चिकट थर आलेला झुमका आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून मऊ ब्रशने घासा, तेलकट भाग सुटतो. उरलेलं लॅकर अ‍ॅसिटोनने काढा, पण मोती, लाख किंवा रंग असेल तर नाही. मग वर सांगितल्याप्रमाणे धुवून, वाळवून नव्याने लॅकर द्या. थराखाली धातूला खड्डे पडलेले दिसले तर तो नग बदलून द्या. त्यावर कितीही लॅकर चढवलं तरी खड्ड्यातून हिरवं पुन्हा वर येतं.